लांब भेग आधी काढायची

यंदा दिवाळी झाल्यावर आमच्या तालुक्याच्या गावी आम्ही आठ-नऊ जणांनी मिळून एक छोटं चित्रप्रदर्शन लावलं होतं, विषय ठेवला होता नक्षी, म्हणजे पॅटर्न. माझी त्यात पाच कामं होती. तेव्हापासून जो भेटते तो विचारते की बा हे कसं केलं, रंग कोणता, डोक्यात कसं आलं, अन तोंडी सांगताना अर्धं राहूनच जाते, म्हणून एकदा सगळं लिहून काढतो.

मी पेंटर आहे. दुकानाच्या पाट्या, ट्रॅक्टर-ट्रॉलीवर नाव, शाळेच्या भिंतीवर नकाशे अन पाढे, लग्नात दारावर गणपती, हे माझं काम. फ्लेक्स आल्यापासून पाट्या जवळजवळ बंदच झाल्या, ट्रॉल्या अन शाळा तेवढ्या राहिल्या. सोबत सव्वातीन एकर वावर आहे पांढरकवड्याच्या पुढं, पराटी म्हणजे कापूस, अन तूर. शाळेत असताना एलिमेंटरी अन इंटरमिजिएट दोन्ही ड्रॉइंगच्या परीक्षा दिल्या होत्या, ज्यांनी दिल्या त्यांना माहीत असेल, त्यात संकल्पचित्र नक्षीकाम असा एक पेपर असते, दिलेल्या आकारात फुलं-पानं-त्रिकोण बसवायचे अन रंग भरायचे. तर नक्षी म्हटल्यावर मला तेच आठवलं. होळीच्या आसपास विषय ठरला अन मी लगेच कार्ट्रिज पेपरचे सहा मोठे शीट आणले, पोस्टर कलर आणले, अन तीन आठवडे रोज संध्याकाळी बसून परीक्षेत काढतात तसे तीन शीट पूर्ण केले. कमळ, त्याच्या बाजूला उलटं कमळ, मधात चौकट. रेघ स्वच्छ होती, रंग कुठं बाहेर गेला नव्हता, पण भिंतीला लावून लांबून पाहिलं तर काही वाटेच ना. टाइल्सच्या दुकानातल्या कॅटलॉगमधे अन त्याच्यात काही फरक नव्हता. ते तिन्ही शीट मी बाजूला ठेवले.

मग उन्हाळा लागला. उलंगवाडी, म्हणजे कापसाची शेवटची वेचणी झाली होती, पऱ्हाट्या उपटून झाल्या होत्या, वावर मोकळं पडलं होतं अन भेगा पडायला लागल्या होत्या. ज्यांनी आमच्याकडची काळी जमीन एप्रिल-मे महिन्यात पाहिली नसेल त्यांना सांगतो, ही माती पाणी पिली की फुगते अन वाळली की आकसते, इतकी आकसते की भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत जाते. लहानपणी आमचे कंचे त्याच्यात जायचे ते जायचेच. एक दिवस धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, निंबाखाली बसलो होतो अन समोर पाहतो तर सगळं वावर नक्षीनं भरलेलं. म्हटलं हे काढायचं.

मोबाइलवर फोटो काढला, घरी आलो, कागदावर पेन्सिलनं उतरवलं, काळ्या रंगानं रेघा जाड केल्या. तर ते जिराफाच्या कातड्यासारखं दिसे. दुसरा काढला तो फुटलेल्या काचेसारखा. प्रत्येक तुकडा मी फोटो पाहून काढला होता, एकेक चौकोन एकेक पंचकोन बरोबर होता, तरी एकत्र पाहिलं की ती आमच्या वावराची भेग वाटत नव्हती. चार-पाच कागद खराब केल्यावर मी कागद सोडला अन घरातली मोठी परात घेतली, वावरातली माती खलबत्त्यात कुटून, कपड्यानं गाळून, पाणी घालून पिठल्याएवढी घट्ट केली अन परातीत ओतून स्लॅबवर ठेवली, अन खरंच सांगतो, दोन दिवस कामधंदा सोडून तिच्याजवळ बसून राहिलो. माय दोन वेळा वर येऊन पाहून गेली की पोराला काय झालं.

पहिल्या दिवशी काहीच नाही, फक्त वरचं पाणी गेलं अन चमक उतरली. दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास परातीच्या काठापासून एक भेग निघाली, केसाएवढी, अन हळूहळू वाकडी-तिकडी चालत पार दुसऱ्या काठापर्यंत गेली. मग दुसरी एक लांब. मग या दोघींच्या मधात आखूड भेगा सुरू झाल्या, अन इथंच मला ते दिसलं जे फोटोत दिसत नव्हतं. आखूड भेग लांब भेगेपर्यंत जाते अन तिथंच थांबते, तिला ओलांडून पलीकडं जात नाही. अन जुन्या भेगेजवळ आली की ती वळते अन तिला जवळजवळ काटकोनातच मिळते, जशी गावातली बोळ मोठ्या रस्त्याला येऊन मिळते तशी. नंतर शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना विचारलं तर त्यांनी समजावून सांगितलं की वाळताना माती सगळीकडून ताणली जाते, पण जिथं आधीच भेग पडली तिथं तिच्या आडव्या दिशेचा ताण मोकळा झालेला असते, उरलेला ताण फक्त भेगेच्या लांबीच्या दिशेनं असते, म्हणून नवी भेग तिला काटकोनातच येऊन मिळते.

मी त्याच संध्याकाळी परत कागद घेतला. या वेळी फोटो पाहिलाच नाही. आधी तीन लांब रेघा काढल्या, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत. मग त्यांच्यातून निघणाऱ्या, त्यांच्यावर जाऊन थांबणाऱ्या. मग त्यांच्यातल्या. मग बारीक. अर्ध्या तासात ते चित्र झालं अन ते आमचं वावर होतं. मी उठून बाहेर जाऊन उभा राहिलो थोडा वेळ, इतका आनंद झाला होता. आधीच्या कागदांवर मी भेगा पाहून काढल्या होत्या, या कागदावर भेग जशी पडते तशी काढली. पुढची सगळी कामं याच एका गोष्टीवर उभी राहिली, की नक्षी तयार झाल्यावर कशी दिसते त्याच्यामागं लागायचं नाही, ती कोणत्या क्रमानं होत गेली ते शोधायचं.

सरांनी अजून एक सांगितलं. माती बरेच वेळा ओली होऊन वाळली, ओली होऊन वाळली, की तेच काटकोन हळूहळू बदलून तीन भेगा एका ठिकाणी सारख्या कोनानं मिळायला लागतात, मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या. अन लाव्हा थंड होताना पण तसंच होते म्हणून दगडाचे सहा बाजूंचे खांब बनतात. आमच्याच जिल्ह्यात झरी-जामणी तालुक्यात शिबला-पार्डीकडं रस्त्याच्या कामात असे खांब सापडल्याचं पेपरात आलं होतं तेव्हा मी वाचून सोडून दिलं होतं. आपल्या पायाखालचा काळा दगडच मुळात सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा अन आपली काळी माती त्याच दगडाची झालेली, म्हणजे दगड थंड होताना भेगाळला अन त्याची माती झाल्यावर ती दर उन्हाळ्यात भेगाळते. हे मला फार मोठं वाटलं, अजूनही वाटते.

मग ठरवलं की एक काम रंगानं करायचंच नाही, मातीनंच करायचं. दीड फूट बाय तीन फुटाचा प्लायवूड घेतला अन त्यावर अर्धा इंच माती थापली. तिसऱ्या दिवशी भेगा मस्त पडल्या पण प्रत्येक तुकडा कडेनं वर वळला अन हात लावला तशी खपलीच हातात आली. दुसऱ्या वेळी मातीत फेविकॉल कालवला, तर भेगाच पडेनात, गोठ्यातल्या सारवणासारखी गुळगुळीत वाळली. तिसऱ्या वेळी प्लायवर आधी बारदाना चिकटवला फेविकॉलनं, तो एक दिवस वाळू दिला, मग त्यावर साधी माती, काहीच न कालवलेली, अन सावलीत ठेवून वरून ओलं पोतं टांगलं म्हणजे सावकाश वाळेल. भेगा पडल्या, बारदान्यानं तुकडे धरून ठेवले. मग इंजेक्शनच्या सिरिंजनं पातळ फेविकॉल एकेका भेगेत थेंब-थेंब सोडला, ते काम चार दिवस चाललं, सकाळी अन संध्याकाळी, कारण दुपारी मे महिन्यात आमच्याकडं फेविकॉल सिरिंजमधेच वाळते.

यात एक गोष्ट लक्षात आली की थर जाड असला की तुकडे मोठे होतात, पातळ असला की लहान. करंगळीएवढा थर दिला तर तळहाताएवढे तुकडे, भाकरीएवढा दिला तर सुपारीएवढे. मग मी फळीवर थरच उतरता दिला, डाव्या कडेला कागदाएवढा पातळ अन उजव्या कडेला इंचभर. वाळल्यावर डावीकडं बारीक जाळी अन उजवीकडं जाता जाता मोठ्या मोठ्या भेगा. मी एकही रेघ काढली नाही त्याच्यात, फक्त थर ठरवला. प्रदर्शनात लोक सगळ्यात जास्त वेळ याच फळीपुढं उभे राहिले.

जून लागला, पाऊस पडला, भेगा बुजल्या, अन मी वावरात गेलो. आमच्याकडं आता बरेच जण चार बाय एक नाहीतर तीन बाय दीड फुटावर टोबतात, म्हणजे बी एकेक करून मातीत खुपसतात, पण बाबांची पद्धत फुली पाडून टोबायची होती अन मी एका एकरात अजून तसंच करतो. म्हणजे आधी उभ्या रेघा पाडायच्या, मग आडव्या, अन जिथं फुली पडते तिथं सरकी टोबायची, म्हणजे नंतर तण काढायचा डवरा उभा पण चालते अन आडवा पण चालते. सहा तास, म्हणजे ओळी, पराटीचे झाले की एक तास तुरीचा. पंधरा दिवसांनी पराटी दोन-चार पानांवर आली तेव्हा मी धुऱ्यानं चालत होतो अन पाहतो की सरळ पाहिलं तर तास दिसतात, चार पावलं पुढं गेलं की तिरप्या वाटा उघडतात, अजून पुढं गेलं की त्या बंद होऊन वेगळ्याच तिरप्या उघडतात. रोप तर तिथंच असते, आपणच चालत असतो. आयुष्य गेलं या धुऱ्यावर अन एवढं नीट कधी पाहिलं नव्हतं.

याचं दुसरं काम केलं मांजरपाटाच्या कापडावर, सहा फूट बाय चार फूट. कापडाला वावरातल्याच वस्त्रगाळ मातीचा हात दिला, मग रेघा मारल्या. पट्टीनं नाही मारल्या. आम्ही भिंतीवर पाटी आखताना दोरी गेरूत बुडवून दोन टोकांना ताणून धरतो अन मधात धरून फटका मारतो, भिंतीवर सरळ रेघ उमटते, तेच इथं केलं. एका टोकाला बायको, एका टोकाला मी. आधी सगळ्या उभ्या, मग सगळ्या आडव्या, जसं वावरात करतो तसंच. दर फटक्याला गेरूचे बारीक शिंतोडे उडतात अन रेघेच्या आजूबाजूला लालसर धूळ राहते, ती मी पुसली नाही, ती छान दिसते. मग फुलीवर चुन्याचे ठिपके, सहा तास, अन सातवा तास तुरीचा पिवडीनं, म्हणजे पिवळ्या मातीनं. चुन्यात डिंक घातला बाभळीचा, नाहीतर हात लावला की चुना हाताला येते.

मधातच एक काम मी अर्धं सोडलं ते पण सांगतो. टोपल्या-सुपं करणारे एक काका आहेत आमच्याकडं, त्यांच्याजवळ बसून बांबूचा ताटवा कसा विणतात ते शिकलो. दोन पट्ट्या वर, दोन खाली, अन पुढच्या ओळीत एक घर सरकायचं, बस, एवढ्यावर ती तिरपी नक्षी आपोआप येते. शिकलो पण कागदावर काढायला बसलो तेव्हा वाटलं की याला माझ्या रंगाची गरजच नाही, बांबूत ते पूर्ण आहे. मी त्यांच्याकडून एक सूप विकत घेतलं अन ते प्रदर्शनात तसंच मांडायला लावलं.

आता रांगोळीचं. हे माझ्या घरातच होतं अन मला सगळ्यात उशिरा दिसलं. माय रोज सडा टाकून रांगोळी काढते, सणाला ठिपक्यांची काढते, पंधरा ते आठ. म्हणजे मधली ओळ १५ ठिपक्यांची, तिच्या वर अन खाली मधात-मधात ठिपके ठेवत १४, १३ असं कमी करत आठपर्यंत. सगळे मिळून १६९ ठिपके होतात, मी मोजले, अन बाहेरचा आकार बरोबर षटकोन, प्रत्येक बाजूला आठ. मी हे कागदावर स्केलनं आखून एक फूल पूर्ण काढलं, मग दुसरं, मग तिसरं, अन शेवटी शेवटी फुलं तिरपी व्हायला लागली, शेवटचं बसेचना. मायला दाखवलं. ती म्हणाली, "बाबू, तू एकेक फूल कायले करून राहिला? आधी सगळ्याईची एक-एक पाकळी काढ, मंग दुसरी."

मी दुसऱ्या दिवशी पहाटे तिच्याजवळ बसून पाहिलं. ती एक फूल कधीच पूर्ण करत नाही. एका दिशेच्या सगळ्या रेघा अंगणभर आधी काढून घेते, मग दुसऱ्या दिशेच्या, अन फुलं एकदम सगळीच्या सगळी शेवटी उमलतात. म्हणून चूक एका फुलावरून दुसऱ्या फुलावर जात नाही. अन मजा म्हणजे मी पाटी रंगवताना हेच करतो, आधी सगळ्या अक्षरांच्या शिरोरेघा, मग सगळ्या उभ्या काड्या, मग गोलाया, एक अक्षर पूर्ण करून दुसरं घेतलं तर पाटी कधीच एकसारखी येत नाही. हातात होतं ते, फक्त नक्षीच्या वेळी आठवलं नाही. तर तिसरं काम म्हणजे मायची पंधरा ते आठ, पण चार टप्प्यात, चार वेगवेगळ्या कागदांवर, रिकाम्या ठिपक्यांपासून उमललेल्या फुलांपर्यंत. मायनं स्वतः ठिपके ठेवले त्यात, चिमटीनं शिरगोळ्याची पूड सोडून, मी वरून डिंकाचं पाणी फवारलं.

बैलांचं एक काम पोळ्याच्या वेळी केलं, त्याचं तंत्र सोपं आहे म्हणून थोडक्यात सांगतो, कोणाला करून पाहायचं तर पाहा. जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचा एक चौकोन कापायचा. डाव्या बाजूचा जो तुकडा कापून काढाल तो सरळ सरकवून उजव्या बाजूला चिकटवायचा, वरचा कापाल तो सरळ खाली चिकटवायचा. आता जो वाकडा-तिकडा आकार होईल तो कितीही वेळा आखा, एकात एक बसतोच, मधात जागा उरत नाही. मी पंधरा-वीस पुठ्ठे कापले तेव्हा कुठं शिंग डाव्या बाजूनं निघून शेजारच्या बैलाच्या मानेत बसणारं डोकं जमलं. एशर नावाचा डच चित्रकार होता, तो १९३६ साली दुसऱ्यांदा स्पेनला जाऊन तिथल्या अल्हम्ब्रा महालातल्या फरश्यांची नक्षी उतरवून आणून असली एकात एक बसणारी चित्रं करायला लागला, त्याची मोबाइलवर पाहिली तेव्हा हे सुचलं. गणितवाल्यांनी तर सिद्धच केलं आहे की सपाट जागेवर नक्षी दोन्हीकडं पुन्हा पुन्हा मांडायचे प्रकार १७ च आहेत, अठरावा नाही, अन नुसत्या काठासारख्या पट्टीत मांडायचे ७. हे वाचल्यावर मी मायची पेटी उघडून करवतकाठी लुगड्याचा काठ काढून पाहिला, करवतीचे दात एकसारखे, मधात आरसा धरला तर डावं-उजवं तेच. म्हणजे तो सातातला एक. मला ते वाचून बरं वाटलं पण खरं सांगतो, मायच्या त्या एका वाक्यानं जितकं हातात आलं तितकं १७ च्या आकड्यानं नाही आलं.

आता शेवटचं काम, जे मला सगळ्यात जवळचं आहे. आमच्या गल्लीत एक वैनी आहेत, त्यांचं माहेर पैनगंगेच्या पलीकडं, आदिलाबादकडं, तेलुगू घरातल्या. त्या दारात जी काढतात तिला मुग्गू म्हणतात, अन त्यातली एक वेगळीच असते, ठिपक्यांना हात न लावता रेघ ठिपक्यांच्या मधातून तिरपी तिरपी फिरते, काठाला गेली की वळते, अन सगळ्या ठिपक्यांना वळसा घालून जिथून निघाली तिथं परत येते. मेलिकल मुग्गू म्हणतात त्याला. मी त्यांना म्हटलं मला शिकवा. त्या म्हणाल्या, "भाऊजी, हात उचलायचा नाही, बस. सुरू केली तिथं वापस आली पाहिजे."

त्यांनी पाच ठिपके आडवे अन चार ओळी अशी काढली, एका रेघेत झाली. मी घरी येऊन चार बाय चार घेतली, तर माझी रेघ लवकरच परत आली अन अर्ध्याहून जास्त जागा तशीच राहिली. परत दुसरी रेघ सुरू केली, ती पण बंद झाली. चार रेघा लागल्या. वाटलं माझं चुकलं. पाच बाय पाच घेतली, पाच रेघा. तीन बाय चार, एक. सहा बाय चार, दोन. मग मी बिलबुकाच्या मागच्या पानांवर आकडे लिहीत बसलो, रात्रीचे साडेअकरा झाले होते, लाइट गेली तर टॉर्च लावून काढत होतो. सहा बाय नऊ घेतली तेव्हा तीन आल्या अन तिथं डोक्यात उजेड पडला, हा तर मसावि आहे. सहावी-सातवीत शिकवतात तो महत्तम सामाईक विभाजक, पोट्ट्यांना कंटाळा येते तो. आडव्या अन उभ्या ठिपक्यांचा मसावि जितका, तितक्या रेघा. मसावि एक असला की सगळी नक्षी एकाच रेघेत. वैनीला सकाळी सांगितलं तर त्या म्हणाल्या चार-चार घ्यायचे नाही हे आम्हाला माहीतच असते, आई सांगायची. मसावि हा शब्द त्यांना नव्हता लागत.

मी १३ बाय ८ ठिपके घेतले, मसावि एक. काळ्या रंगाचा चार फुटी प्लाय, पांढरा इनॅमल, लायनर ब्रश. यात अडचण ही की ब्रश एकदा बुडवला की फूट-दीड फूट रेघ येते, मग परत बुडवावं लागते अन जोड दिसतो. मुग्गूत तर हातच उचलायचा नसते. शेवटी असं केलं की जोड नेहमी तिथंच द्यायचा जिथं रेघ स्वतःलाच छेदून जाते, म्हणजे तो फुलीत लपतो. १३ बाय ८ मधे अशा १८७ फुल्या आहेत, म्हणून जागा भरपूर होत्या. सकाळी सातला सुरू केलं अन दुपारी दोनला रेघ परत पहिल्या ठिकाणी आली. शेवटची वीत राहिली होती तेव्हा माझा हात कापत होता, बारा-पंधरा वर्षं झाली ब्रश धरून, इतका कधी कापला नाही.

प्रदर्शनाच्या आधी एक वाईट गोष्ट झाली. मांजरपाटावरचं वावर लाकडी चौकटीवर ताणून घ्यायला एका दुकानात टाकलं होतं. आणायला गेलो तर त्यांच्याकडं तयार चौकट थोडी लहान होती म्हणून त्यांनी एका बाजूचं तीन इंच कापड कापून टाकलं होतं. न विचारता. पराटीचा एक अख्खा तास गेला. मी म्हटलं हे काय केलं, तर तो माणूस म्हणे, "काय फरक पडते भाऊ, सगळं सारखंच तं हाय." भांडण्याची ताकदच नव्हती, दोन दिवसांवर प्रदर्शन, पैसे देऊन घेऊन आलो. वाटेत बसमधे ते मांडीवर घेऊन बसलो होतो अन तेच वाक्य डोक्यात फिरत होतं.

प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी एक म्हातारे आबाजी आले, धोतर, टोपी, बाजाराला आले असतील अन पाटी पाहून आत शिरले असतील. वावराच्या कापडापुढं उभे राहिले, पुढं-मागं चालून पाहिलं, मग बोट लावून मोजायला लागले. मी जवळ गेलो. ते म्हणाले, "बापू, इकडच्या धुऱ्याले पाचच तास हाय. सहावा कोठी गेला?"

मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मान हलवली, म्हणाले, "थ्या कापनाऱ्याले वावर नसन." अन परत उभे राहून पाहत बसले.

वैनी शेवटच्या दिवशी आल्या, मुलगी अन सासूला घेऊन. काळ्या प्लायवरची रेघ त्यांनी बोटानं पूर्ण फिरून पाहिली, मधात कुठं चुकल्या तर परत मागं येऊन, लोक थांबून पाहत होते. पूर्ण झाल्यावर मला म्हणाल्या, "बरोबर आहे." मग बिलबुकाचं ते पान मी कोपऱ्यात टाचणीनं लावलं होतं, त्यात चार बाय चारच्या चार रेघा चार रंगात होत्या, ते पाहून म्हणाल्या की याची पण एक होते. मी म्हटलं कशी होईल, मसावि चार आहे. त्यांनी माझ्या हातातला पेन घेतला. जिथं लाल अन निळी रेघ एकमेकीला छेदत होत्या तिथली फुली खोडली अन दोघींना न छेदता वळवून एकमेकीत जोडून दिलं, लाल-निळी एक झाली. मग दुसऱ्या ठिकाणी हिरवी तिच्यात घेतली. मग तिसऱ्या ठिकाणी काळी. तीन ठिकाणी, बस. पेन मला परत दिला अन म्हणाल्या, फिरवून पाहा.

मी फिरवून पाहिलं. सोळाही ठिपक्यांना वळसा घालून रेघ परत आली.

ते पान आता माझ्या कामाच्या टेबलावर काचेखाली आहे. होळीपर्यंत मला आठ बाय आठचं करायचं आहे, आठ रेघांची एक, सात ठिकाणी जोडून, अन ती सात ठिकाणं कोणती घ्यायची ते वैनी अन माय दोघी मिळून अंगणात ठरवून राहिल्या.